हुपरीकर मास्तरांचं फ्रेंच विमान

हुपरीकर मास्तरांना मी त्यांच्या हयातीत कधी मानलं नाही, आणि ते वारले म्हणून आता मानायला लागावं असंही मला वाटत नाही. त्यांच्या शोकसभेला मी गेलो होतो. 'ज्ञानर्षी' हा शब्द तीनदा आला. तिसऱ्या वेळी मी चपला शोधण्याचं निमित्त करून बाहेर पडलो.

आमच्या सोलापूरच्या हायस्कुलात ते सायन्स शिकवत आणि मी ड्रॉइंग. ड्रॉइंगमास्तरला शाळेत तशीही कुणी किंमत देत नाही, पण हुपरीकरांच्या लेखी मी खडू आणि डस्टर यांच्या मधला कुणीतरी होतो. बाहेर पाय ठेवला की डांबर चपलेला चिकटायचं अशा उन्हाळ्यातही ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालत. कोटाच्या खिशात पितळी मुठीचं एक भिंग असे. ते काढायला त्यांना कारण लागत नसे. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की ते भिंग घेऊन येत. एकदा संस्कृतच्या कुलकर्ण्यांची भाकरी त्यांनी भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "यात बाजरी आहे."

कुलकर्णी म्हणाले, "अहो, आमच्या घरात बाजरी येतच नाही. बायकोनं ज्वारी स्वतः निवडून दळून आणलीय."

"वहिनींना माहीत नसेल," हुपरीकर शांतपणे म्हणाले आणि भिंग पुसून खिशात ठेवलं.

सगळा माणूस या एका वाक्यात होता. ज्यानं वस्तू केली, ज्यानं ती हाताळली, ज्यानं ती डोळ्यांनी पाहिली, त्याला तिच्यातलं काही कळत नाही, असा त्यांचा पक्का सिद्धांत होता. "डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष शास्त्रात धरत नाहीत," असं ते वर्गात सांगत आणि मुलं ते वहीत उतरवून घेत.

भूकंपाची हकिकत तर शाळेत अजून सांगतात. सायन्सच्या खोलीतल्या कपाटात काचेच्या बरण्या एकदम किणकिणू लागल्या. हुपरीकरांनी वर्ग रिकामा केला, शेजारचे दोन वर्ग रिकामे करवले, आणि फळ्यावर 'उगम: ईशान्य' असं लिहून ठेवलं. सगळी शाळा मैदानात उन्हात उभी. तेवढ्यात आमचा शिपाई तुकाराम घाम पुसत आला. पाण्याचं नवं लोखंडी पिंप वरच्या व्हरांड्यातून गडगडत नेत होता, असं तो म्हणाला. जागेवर लावलं, आता आवाज व्हायचा नाही. हेडमास्तर हसले, मुलं हसली. हुपरीकर हसले नाहीत. "पिंप हे निमित्त," ते म्हणाले. त्या आठवड्यात गावातल्या साप्ताहिकात भूकंपाची बातमी आली आणि पुढच्या आठवड्यात 'एक विज्ञानप्रेमी' या सहीनं हुपरीकरांचं अभिनंदन करणारं पत्र आलं. पत्रात 'निर्विवादपणे' हा शब्द चार वेळा होता. तो शब्द शाळेत एकच माणूस वापरत असे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्यांचा आवाज फार चांगला होता. खर्जातला, संथ. त्या आवाजात त्यांनी काहीही सांगितलं तरी पहिली दोन मिनिटं ते खरं वाटायचं. तिसऱ्या मिनिटाला आपण शुद्धीवर यायचो. पण पुष्कळ लोक तिसऱ्या मिनिटापर्यंत पोचतच नाहीत.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या पेठेतल्या वाचनालयानं जुन्या सोलापूरच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. गावातले एक जुने फोटोग्राफर वारले होते. त्यांच्या जावयानं, अब्दुलभाईंनी, दुकानातल्या निगेटिव्हच्या काचा आणि फोटोंचा एक गठ्ठा वाचनालयाला आणून दिला. त्यात एक फोटो असा निघाला की सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कापणी झालेलं ज्वारीचं रान. त्यात एक विमान नाक खुपसून पडलेलं. दोन्ही बाजूंना एकेकच पंख, त्यातला डावा मोडून लोंबत असलेला. मागं चार-पाच पटकेवाले उभे. आणि एका कडेला, आपल्याकडे पाठ करून, एक माणूस जमिनीवर बसलेला. फोटोच्या मागं एवढंच लिहिलं होतं: 'विमान. पडल्यावर.'

फोटो चौदा सालच्या लढाईच्या आधीचा दिसत होता. त्या काळी सोलापुरात विमान कुणाचं? कुठून आलं? कुठल्या बनावटीचं? कमिटीनं अर्थातच हुपरीकरांना बोलावलं. त्यांनी साहेबांच्या क्लबातून रद्दीत निघालेले विमानविषयक इंग्रजी मासिकांचे अंक जमवलेले होते. प्रत्यक्ष विमान त्यांनी आयुष्यात जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे ही जमेची बाजू होती. दीड महिना तो फोटो त्यांनी घरी ठेवला. मग जाहीर केलं की हे फ्रेंच बनावटीचं एकपंखी विमान असून कुणा संस्थानिकाच्या युरोपियन पाहुण्यानं ते उडवलं, हे निर्विवाद आहे. वाचनालयात त्यांचं सचित्र व्याख्यान ठरलं. पडद्यावर मॅजिक लँटर्नमधून फोटो दाखवायचा आणि शेजारी विमानाचं मोठं रेखाचित्र टांगायचं. रेखाचित्र काढायला मी.

मी ते काम आनंदानं घेतलं. हुपरीकरांना तुच्छ लेखणं वेगळं आणि त्यांनी बोलावल्यावर न जाणं वेगळं. दुसरी गोष्ट करायला जो कणा लागतो तो माझ्याजवळ नव्हता.

चित्र काढायचं म्हणजे इंचाइंचानं पाहावं लागतं. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की पंखाच्या आतल्या पट्ट्या सारख्या अंतरावर नाहीत. कारखान्यात झालेली वस्तू अशी नसते. चाकं सायकलची होती. आणि पंखाच्या मागच्या कडेला एक नक्षीची पट्टी होती. भिंगातून पाहिलं तर ती रांगेनं बसलेल्या पाखरांची होती. असा काठ मी रोज पाहत होतो. तो लुगड्याचा काठ होता.

मी हुपरीकरांना सांगितलं. ते हसले. "ती कारखान्याची खूण आहे. फ्रेंच लोक कलावंत असतात."

"पण मास्तर, ही आपल्याकडची पाखरं आहेत. आपल्याकडचे विणकर अशीच काढतात."

"आपण चित्र काढा," ते म्हणाले. "आणि ती पट्टी साधी काळी करा. लोकांचं लक्ष भलतीकडे जातं."

मी ती काळी केली. त्याआधी तिचा एक तुकडा वेगळ्या कागदावर पाखरांसकट उतरवून घेतला, एवढीच माझी बंडखोरी.

तो कागद घेऊन मी रविवारी साखर पेठेत गेलो. तिथं तेलुगु विणकरांची वस्ती. ओळखीचा राजय्या मागावर बसला होता. त्यानं कागद नुसता पाहिला आणि धोटा थांबवला.

"ह्यो नरसव्वाचा काठ हाय," तो म्हणाला. "पाखराची मान अशी मागं वळलेली दुसरं कोन काढत न्हाय. कुटं मिळाला तुमाला?"

नरसव्वा दोन घरं सोडून राहत होती. साठीची, वाळलेली, हातावर गोंदण असलेली बाई. मी विमानाच्या फोटोचं नाव काढलं तशी ती खाली बसली. मग आत जाऊन एका गाठोड्यातून कापडाची एक वीतभर पट्टी घेऊन आली. तोच काठ. तीच मागं वळून पाहणारी पाखरं.

"पंकाला कापड म्या इनलं," ती म्हणाली. "मालकानं सांगितलं, घट्ट पायजे, वारा आरपार जाता कामा न्हाय. म्हनलं, काठ कशाला? तर म्हनले, उडनाऱ्या चीजंला पाखरं नकोत व्हय?"

तिचा नवरा मल्लय्या. मल्लय्या नागय्या दासरी. एका गिरणीत सुतार-मिस्त्री होता. गिरणीतल्या कुणा साहेबानं टाकून दिलेल्या मासिकात त्यानं विमानाचं चित्र पाहिलं. वाचता येत नव्हतं. नुसत्या चित्रावरून दोन वर्षं खपून त्यानं सांगाडा केला. त्याच साहेबाची मोडकी मोटारसायकल भंगारात निघाली, तिचं इंजिन घेतलं. होटगीच्या रस्त्याला एका ओळखीच्याच्या रानात सगळं जोडलं. फोटोग्राफरला मुद्दाम बोलावून आणलं. फोटोग्राफर डोक्यावर काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यात काच बसवीत राहिला आणि तेवढ्यात विमान उठलं.

"उठलं?" मी विचारलं. "खरंच?"

"मग खोटं सांगती व्हय? बाभळीच्या शेंड्याएवढं वर हुतं. म्या मनात आकडे मोजत हुते. धा झालं, अकरा झालं, आन् मग खाली आलं. फोटूवाल्याचं फडकं तवर डोक्यावरच."

त्यात मल्लय्याचा पाय मोडला. गिरणीच्या तारा वापरल्या म्हणून कामावरून काढलं. तो लंगडत घरी परत आला, मागावर बसला आणि विमानाचं नाव पुन्हा काढलं नाही. चार-पाच वर्षांनी तापाच्या साथीत गेला. फोटो काढला होता हे तिला माहीत होतं, पण तो तिनं कधीच पाहिला नव्हता.

"मास्तर, त्येच्याखाली त्यांचं नाव घाला की," ती म्हणाली. एवढंच तिनं मागितलं.

मी ती पट्टी घेऊन तडक हुपरीकरांच्या घरी गेलो आणि सगळी हकिकत नावांसकट सांगितली. त्यांनी पट्टी भिंगाखाली धरली, फोटो शेजारी ठेवला आणि पाहत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. माणूस खोटारडा असला तरी डोळे एखादा क्षण खरं बोलतात. त्यांना पटलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी पट्टी घडी घालून माझ्या हातात दिली.

"कापड हे कापड असतं," ते म्हणाले. "व्याख्यान परवा आहे. हँडबिलं वाटून झालीत."

"आणि मल्लय्या?"

"एका अक्षरशत्रू सुतारानं विमान केलं हे मी लोकांना सांगू? माझ्या तोंडानं?"

व्याख्यानाला तोबा गर्दी. संध्याकाळचे साडेपाच, बाहेर रखरखीत ऊन, म्हणून खिडक्यांवर चादरी ताणून अंधार केलेला. अध्यक्ष एक म्हातारे वकील. नरसव्वाला मी दिवस आणि वेळ सांगितली होती. ती राजय्याला घेऊन आली आणि दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. बायकांच्या सतरंजीवर तिला जागा करून द्यावी असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

हुपरीकर उत्तम बोलले. फ्रान्स, वारा, पंखांचा कोन. पडद्यावर फोटो आला तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्यांनी छडी कडेला बसलेल्या माणसावर टेकवली.

"आणि हा इसम पाहा. कुणी हमाल असावा. यंत्र पाहून बिचाऱ्याची अशी गाळण उडालीय की बसकण मारलीय."

सगळी सभा हसली.

"त्यो हमाल न्हवं," दाराजवळून आवाज आला.

माना वळल्या. नरसव्वा भिंत सोडून पुढं आली होती. "त्ये माझे मालक हायत. इमान त्यांनी केलं, त्यांनीच उडवलं. पाय मोडलाय म्हनून बसल्यात."

पुन्हा हशा झाला, पण पहिल्यापेक्षा कमी. अध्यक्षांनी हात वर केला. "बाई, या फोटोत त्या माणसाचं तोंडदेखील दिसत नाही. तुम्ही ओळखलं कसं?"

"माझ्या मानसाची पाठ म्या नाय वळखायची तर कुनी?"

या वेळी कुणी हसलं नाही.

"अध्यक्षमहाराज," हुपरीकर म्हणाले, "भावना निराळी आणि शास्त्र निराळं."

"मग शास्तर लावा की," नरसव्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "धड पंक हाय त्येच्या काठात नऊ पाखरं हायत. मोडक्यात धा हुती. ह्या बाजूचं सूत सरलं, म्हनून नऊच झाली. तुमच्यापाशी भिंग हाय न्हवं? मोजा."

वकिलांनी मूळ फोटो मागवला आणि हुपरीकरांपुढे ठेवला. हुपरीकर वाकले. भिंग लावलं. फार वेळ पाहिलं. दीड महिना तो फोटो त्यांच्या घरी होता; त्यात किती पाखरं आहेत हे त्यांना झोपेतदेखील सांगता आलं असतं.

"काही दिसत नाही," ते ताठ होत म्हणाले. "डाग आहेत."

मी उठलो. यात शौर्य नव्हतं. माझं रेखाचित्र तिथं टांगलेलं होतं आणि पंखाच्या कडेला माझ्याच हातानं फिरवलेली काळी शाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मला ती बघवेना. "नऊ आहेत," मी म्हणालो. "मी मोजलीत. मास्तरांनी मला ती काळी करायला लावली आणि मी केली."

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. कुणी 'शेम' ओरडलं, ते मला की हुपरीकरांना हे कळलं नाही. अध्यक्षांनी विषय कमिटीपुढे ठेवतो असं जाहीर केलं. आभारप्रदर्शन झालं. हार आणून ठेवलेला होता, तो हुपरीकरांच्याच गळ्यात पडला. त्यांनी तो घालून घेतला.

कमिटीनं कमिट्या करतात तेच केलं. फोटोखाली लिहिलं, 'विमान. अपघातानंतर. स्थळ: सोलापूरनजीक.' ना फ्रान्स, ना मल्लय्या. साप्ताहिकात 'एक विज्ञानप्रेमी'नं एका निरक्षर स्त्रीच्या भ्रमाविषयी आणि एका ड्रॉइंगमास्तरच्या मत्सराविषयी दोन रकाने लिहिले. शाळेत हुपरीकर माझ्याशी बोलेनासे झाले. ही त्यांनी माझ्यावर केलेली एकमेव मेहेरबानी.

अब्दुलभाईंनी मूळ काचेवरून मला एक प्रत काढून दिली. मी ती नरसव्वाकडे नेली. तिनं विमानाकडे पाहिलंच नाही. बोट थेट त्या पाठीवर ठेवलं आणि राजय्याशी तेलुगूत काहीतरी बोलली. राजय्या मला म्हणाला, "म्हनती, सदरा फाटल्याला हाय. तवा दिसला न्हाई." फोटोखाली मी मराठीत आणि राजय्यानं तेलुगूत मल्लय्याचं पूर्ण नाव लिहिलं. तिनं तो मागासमोरच्या भिंतीवर लावला. पुढं दोन वर्षांनी ती गेली.

हुपरीकर निवृत्त झाले. शाळेनं मानपत्र दिलं; वेलबुट्टी मीच काढली. मग ते मुलीकडे बागलकोटला राहायला गेले असं ऐकलं. बरं झालं असं मला वाटलं, आणि वाटलं ते लपवावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर एकदाच ते दिसले. ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मी विजापूरला निघालो होतो. होटगी जंक्शनला गाडी बदलायची होती, ती फलाटावर लागली होती, मी खिडकीशी बसलो होतो. समोरच्या फलाटावर बाकापाशी काळा कोट दिसला. फार वाळले होते. बाकावर एक जोडपं ट्रंका घेऊन बसलं होतं आणि मास्तर त्यांना काही सांगत होते. आवाज तसाच होता. मला एकेक शब्द ऐकू येत होता.

"इथून दोन कोसांवर," ते म्हणत होते. "सोलापूरच्या एका सुतारानं विमान केलं. लढाईच्या आधी. एकट्यानं. सगळे म्हणाले, फ्रेंच आहे. मोठमोठे लोक म्हणाले. भर सभेत लोक हसले मला. पण मी म्हटलं, नाही. हे आपल्याच माणसाचं काम आहे. मी एकटा उभा राहिलो."

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. ओरडून सांगणार होतो. नरसव्वाचा सगळा जन्म ज्यानं डाग म्हणून पुसला, तो माणूस आता तिची जागा घेऊन उभा होता आणि माझीही.

"नाव काय त्या सुताराचं?" बाकावरच्या गृहस्थानं विचारलं.

हुपरीकरांना नाव आठवणार नाही याबद्दल माझी खात्री होती. मी त्याचीच वाट पाहत होतो.

"मल्लय्या," ते म्हणाले. "मल्लय्या नागय्या दासरी. आणि पंखाचं कापड विणलं त्याच्या बायकोनं. नरसव्वा तिचं नाव."

मी तोंड मिटलं. इंजिननं शिटी दिली.

"किती उंच गेलं होतं हो?" बाकावरच्या बाईनं विचारलं.

मास्तरांनी हात वर केला. तेवढ्यानं भागेना, म्हणून म्हातारा चवड्यांवर उभा राहिला. कोट वर सरकला, आतला मळका सदरा दिसला. "इतकं," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही, याहून वर. पुष्कळ वर."

माझी गाडी हलली तेव्हाही त्यांचा हात वरच होता.